धांदल्याचं अक्षर

चित्रं झटक्यात झाली होती, पण त्यातल्या माणसांना वाचा फुटत नव्हती. ज्योतीराम त्यापायी नुसता वैतागला होता.

ज्योतीराम मूळचा बार्शीचा. चिंचवडच्या कंदिलांच्या कारखान्यात खोक्यांवरची लेबलं रंगवायचा आणि फावल्या वेळात व्यंगचित्रं काढायचा. त्यातली दोनचार पुण्याच्या एका साप्ताहिकात छापून आली, तसं लेबर ऑफिसर अर्जुनरावांनी त्याला बोलावून घेतलं. पत्रा कापायच्या प्रेसवर पावसाळ्यापासून तिघांची बोटं गेली होती. भिंतीवरच्या सूचना म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा तुम्ही चित्रातून सांगा, असा हुकूम झाला. ज्योतीरामनं दोन माणसं उभी केली. एक चालू प्रेसमध्ये हात घालून गप्पा मारणारा धांदल्या, आणि दुसरा त्याला आवरणारा मुकादम.

आता त्यांना अक्षर कुठलं द्यायचं? ज्योतीरामच्या मते चित्रातल्या माणसाचं अक्षर म्हणजे त्याचा आवाज. त्यानं मुकादमाला बोरूचं ठसठशीत अक्षर दिलं, धांदल्याला तिरकं, घसरतं. मग दोघांनाही पुस्तकातल्यासारखं छापील देऊन पाहिलं. कॅन्टीनच्या भिंतीवर कागद लावला की माणसं चित्राला हसायची आणि चहाकडे वळायची. प्रेसवरचा गेनू एकेक अक्षर जुळवत उभा राहायचा, तोवर भोंगा व्हायचा. मजकूर कुणी वाचतच नव्हतं, आणि नेमकं मजकुरातच लिहिलं होतं की हात कधी बाहेर काढायचा. त्या काळजीनं ज्योतीरामला जेवण गोड लागेना.

एके दिवशी तो कंदिलाच्या काचा खोक्यांत भरायच्या शेडमध्ये गेला. तिथं भिंतीला एक फळा होता आणि बायका तो घडाघडा वाचत होत्या. कुणाच्या सुनेला मुलगा झाला, कासारवाडीत कुणाची म्हैस हरवली, असल्या बातम्या. लिहिणारी सगुणाबाई, कासारवाडीचीच, चाळिशीतली विधवा. साक्षरतेच्या वर्गात ती सगळ्यांच्या आधी शिकली आणि मग जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना तिनंच शिकवलं. गेनूसुद्धा तिच्याकडेच गिरवायला बसायचा. तिचा भ पोट सुटलेला, ल जमिनीवर लोळणारा, वरची रेघ कुठं आहे कुठं नाही. पण कारखान्यातल्या माणसांचे डोळे त्याच वळणावर तयार झाले होते.

ज्योतीराम हरखला. त्यानं ते वळण जसंच्या तसं उचललं आणि धांदल्याच्या तोंडी घातलं. बडबड सगळी धांदल्याचीच होती ना! मुकादमाचं एकच शहाणपणाचं वाक्य, त्याला छापील अक्षरच शोभतं, असं त्यानं ठरवूनही टाकलं. सगुणाबाईला विचारावं, हे काही त्याला सुचलं नाही. उलट आपण तिचा मानच केला, असं त्याला वाटत होतं.

कागद लागला आणि कॅन्टीनमध्ये झुंबड उडाली. लोक मोठमोठ्यानं वाचत होते, पोट धरून हसत होते. अर्जुनरावांनी पाठ थोपटली. तेवढ्यात गेनू ओरडला, "आरं, ह्यो धांदल्या तर सगुणाबाईवानी लिवतो!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून येताजाता तेच. "काय सगुणाबाई, आज काय दिवे लावले तुमच्या धांदल्यानं?" ती फळ्यापाशी गेली की मागं खसखस पिके. आठवडा संपायच्या आत फळा कोरा झाला.

हे कळताच ज्योतीराम शेडमध्ये गेला. सगुणाबाई गवतात काचा गुंडाळत बसली होती.

"सगुणाबाई, चेष्टा करायची म्हणून नाही घेतलं हो. तुमचं अक्षर सगळ्यांना वाचता येतं, म्हणून घेतलं."

"व्हय?" तिनं काच खाली ठेवली. "मग त्या मुकादमाला का न्हाई दिलं?"

ज्योतीरामकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शहाण्या माणसाचं अक्षर असं नसतं, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि ते तिला केव्हाच कळलं होतं.

त्यानं लगोलग नवा कागद काढला. आता सगुणाबाईचं वळण मुकादमाला आणि छापील अक्षर धांदल्याला. मुकादम बजावत होता, "चालू प्रेसमध्ये हात घालू नका." कागद लावून तो आशेनं बाजूला उभा राहिला. गेनूनं मुकादमाचं वाक्य झरझर वाचलं आणि टाळी दिली, "घ्या! आता मुकादम बी येडा झाला!" सगळं कॅन्टीन हसलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. ज्योतीरामनं कागद फाडून टाकला, पण लोकांच्या डोळ्यांत बसलेलं कसं फाडणार?

पगाराच्या दिवशी खिडकीपाशी रांग लागली होती. सगुणाबाईचा नंबर आला. कारकुनानं सवयीनं टाक पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"शाईचं पॅड द्या."

"अहो बाई, तुम्ही तर सही करता. कारखान्यातल्या बायकांत पहिली सही तुमचीच."

"येती की सही," ती म्हणाली. "पर ती वाचून लोक हसत्यात."

तिनं अंगठा दाबला, पैसे कनवटीला लावले आणि दोन माणसं सोडून उभ्या असलेल्या ज्योतीरामकडे न बघता निघून गेली. तिच्या मागं पुतळाबाई होती, तिच्याच हाताखाली शिकलेली. कारकुनानं तिच्यापुढं टाक धरला. पुतळाबाईनं तो हातानं बाजूला सारला आणि अंगठा पुढं केला.