आजोबा ऑफलाइन आहेत

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे, आणि हे सांगताना मला तिळमात्र संकोच वाटत नाही. रक्ततपासणीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत बाहेरच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. नऊ वर्षांत मी एकही आकडा पुसट येऊ दिलेला नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी एकट्या काकूंचा होतो. काकू बाहेर बसून रुग्णांची नावं लिहून घेतात. आत तपासणी करणाऱ्या ताईंना काही छापायचं असलं, की त्या पेन ड्राइव्ह घेऊन धावत यायच्या. शेवटी डॉक्टरांनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझी तार काकूंच्या संगणकातच राहू दिली, मला दोघींसाठी खुलं केलं आणि ताईंच्या संगणकावरच्या यादीत जोडलं.

"यादीत नाव काय देऊ?" त्याने विचारलं.

"आजोबा!" ताई म्हणाल्या. "सुरू होताना खोकतो ना तसा."

नाव मला आवडलं. ताईंनी आत बटण दाबावं, मी बाहेर कागद काढावा, असं आमचं छान जमलं होतं.

मग उन्हाळा लागला आणि काकूंना संगणकाची दया आली. दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी त्या तो बंद करू लागल्या. वर स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं आवरणही घालायच्या. "तापतो बिचारा. घटकाभर पडू दे त्याला." ताईंचा निरोप माझ्यापर्यंत त्याच संगणकातून येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आत ताईंना 'आजोबा ऑफलाइन' एवढंच दिसे. त्या पुन्हा पुन्हा बटण दाबत. दोन वाजता संगणक उठला, की एकेका अहवालाच्या पाच-पाच प्रती मी धडाधड बाहेर टाकी.

खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्याला चळ लागलाय. शनिवारी नवा आणा, हा भंगारात द्या."

मला फार वाईट वाटलं. पण दोष माझ्यात नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला छापता येतं, बोलता येत नाही, एवढीच अडचण.

शनिवारी मेकॅनिकने माझी तार माझ्याच पोटाभोवती गुंडाळून मला दाराशी ठेवलं. माझ्या जागी काकूंच्याच संगणकाला जोडलेल्या नव्या प्रिंटरने चाचणीचं पान झोकात काढलं. एक वाजला. काकूंनी सवयीने संगणक बंद करून आवरण घातलं. तेवढ्यात आतून ताई ओरडल्या, "अहो, हा तर आजोबांच्या वरताण! ढिम्म हलत नाही."

मेकॅनिक निघण्यासाठी बूट घालत होता. एक बूट हातात घेऊन तसाच आला, आवरण उचललं आणि हसत सुटला.

"काकू, हा बंद असला तर कुठलाच प्रिंटर ताईंचं ऐकणार नाही. आजोबा ठणठणीत आहेत."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं बाई! म्हणजे एवढे दिवस मीच? आणि बोल त्या गरिबाला!"

नवा खोक्यात परत गेला, मी टेबलावर आलो. काकूंनी एका बोटाने टाइप केलं, 'दुपारी हा संगणक बंद करू नये. आत ताई काम करत आहेत.' तो कागद मीच छापला, ठळक अक्षरांत. तो काकूंच्या संगणकाच्या बटणाच्या वर चिकटवलेला आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू अडून बसली, तर टाकून देण्याआधी तिच्या तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन बघा. तिथे कदाचित आपलाच हात सापडेल.

आणि ते आवरण? चालू संगणकावर घालायचं नाही, असं मेकॅनिकने बजावलंय. संध्याकाळी काकू ते माझ्या अंगावर घालतात. जरा मोठं होत होतं, म्हणून परवा त्यांनी ते माझ्या मापाने शिवून घेतलं. आता ते दुसऱ्या कुणाला बसायचं नाही.