टाकी दिसली तर मिस्टी

‘फॉगी’ लिहून हवामान निरीक्षकाच्या पदरात काहीच पडणार नव्हतं. ‘मिस्टी’ लिहिलं तर पडणार होती मुलगी, पुरे नऊ तास. तीन वर्षांनी ती पलीकडच्या तीरावरून सकाळच्या लाँचनं यायची होती आणि संध्याकाळच्या लाँचनं परत जायची होती.

हवामान कचेरीत या दोन शब्दांचा अर्थ कोशात बघत नसत, खिडकीतून बघत. बरोबर हजार मीटरवर पाण्याची एक टाकी होती. टाकी दिसली तर मिस्टी. लाँच सोडायची, पण दमानं. नाही दिसली तर फॉगी. लाँच बंद, मग धक्क्यावर कुणीही खोळंबो. या नियमापायी निरीक्षकानं एकदा सख्ख्या मेव्हण्याची वरात अडवली होती आणि त्याबद्दल सासुरवाडीची बोलणी तो अजून खात होता.

त्या सकाळी तो काचेला नाक लावून उभा राहिला. बाहेर पिंजलेला कापूस.

“दिसतेय,” तो म्हणाला.

मदतनीस बाई शेजारी आल्या. “कुठं? मला तर आपलं फाटक दिसेना.”

“ती काय! चष्मा बदला, बाई.”

“बदलते की. पण साहेब, लेक यायचीय म्हणून तर...”

“सव्वीस वर्षं बघतोय ती टाकी. डोळे मिटून दाखवीन!”

घोडं तिथंच पेंड खात होतं. पण बाई हाताखालच्या, त्यांनी नोंदवही त्याच्यापुढं सरकवली. निरीक्षक खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. रोजच्या जागी रोजची वस्तू मन आपणच मांडून ठेवतं. त्यातून घरी मुलीसाठी नवी चादर घातलेली.

पलीकडून लाँचवाल्याचा फोन आला. “काका, इकडं पार गुरफटलंय. नक्की मिस्टी?”

“मिस्टीच.”

“मग झालं. तुमच्या शब्दावर तर आम्ही पाण्यात पाय घालतो. ताई बसल्यात बरं का, चहा टाकायला सांगा!”

अर्ध्या तासानं रेती वाहणाऱ्या बार्जचा भोंगा लांबवर वाजला, वाजतच राहिला. मग लाकूड फुटल्याचा आवाज आला.

प्रवासी सगळे वाचले. मुलगी कुणाच्या तरी घोंगडीत गुंडाळून घरी आली. लाँचवाला सुकाणूपाशी चेपून जागीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशीला वरचे साहेब आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “टाकी मलाही दिसली होती, साहेब.”

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. निरीक्षकानं बाईंकडे पाहिलं, मग खिडकीकडे. टाकी लख्ख उन्हात उभी होती.

“बाईंना दिसली नव्हती,” तो म्हणाला. “मलाही नाही. मला ती नुसती आठवली.”

त्याची नोकरी गेली. मुलगी पंधरा दिवस राहिली. बापाला वेळेवर ताट वाढत होती, पण समोर बसून जेवली नाही. त्या एका शब्दाच्या किमतीपैकी त्यानं एवढंच भरलं. उरलेलं सगळं लाँचवाल्यानं भरलं, आणि त्या शब्दातून त्याच्या पदरात तर काहीच पडायचं नव्हतं.