त्याच्या जन्माला वाजलेली परात

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, माझ्या बुडाला पोचे आहेत. ते पडून आलेले नाहीत. कसे आले ते सांगताना मला आजही किळस येते.

नाशिकच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. भागीबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला दिले आणि मी एकलहऱ्याला, वीज केंद्राजवळच्या चाळीत आले. तिला मुलगा झाला तेव्हा सासूने मला पालथे धरून लाटण्याने असे बडवले, की अख्खी चाळ गूळ खायला जमली. ही इथली रीतच. मुलगी झाली तर परात फळीवरच राहते. त्या दिवशी मी केवढी मिरवले! कोणासाठी, तर या सुनीलसाठी.

सुनील मोठा झाला, कामाला लागला आणि दारूलाही लागला. ज्योत्स्ना सून होऊन आली. ती माझ्यात बाजरीचे पीठ मळायची, तेव्हा मला फार बरे वाटे. पण सुनील झिंगून येई आणि केस धरून तिला भिंतीवर आपटे. ती किंचाळे. शेजारची दारे लागत, रेडिओ मोठे होत. भागीबाई म्हणे, "पुरुषाची जात हाय, चालायचंच." शी! असल्या घरात मी भाकरीला पीठ धरत होते.

एके दिवशी दिवेलागणीला तो आला आणि मळलेल्या पिठावरच भडाभडा ओकला. ज्योत्स्नाने पीठ फेकले, मला चिंचेने घासले. तरी तो वास जाईना. तोवर "भाकर कुठंय?" म्हणत त्याने दांडके उचलले. पहिला घाव तिच्या कपाळाला लागला, तशी तिने मलाच डोक्यावर धरले. दांडके माझ्यावर पडू लागले. ठण! ठण! ठण!

आणि चाळीची दारे उघडली की हो! पलीकडच्या तृप्तीचे दिवस भरले होते. आवाजाचा माग काढत शेजारची कुसाबाई हसत आमच्या दारात आली, हातात गुळाचा खडा. तिच्यामागे आणखी बायका.

"तृप्तीला पोरगा झाला काय गं? थाळी कोण वाजवतंय?"

ज्योत्स्नाच्या कपाळावरचे रक्त पाहून ती थबकली.

"घरातलं हाय. जा तुम्ही," भागीबाई म्हणाली.

कुसाबाईने गूळ अंगणात भिरकावला. "थू आपल्यावर! हिच्या रडण्याला कुणी आलो नाय. थाळीला आलो." मग ती आत शिरली. "सुन्या, टाक ते दांडकं. पोरी, चल माझ्याकडं."

बायका मध्ये उभ्या राहिल्या. एकटीपुढे वाघ झालेला सुनील त्यांच्यापुढे शेळी झाला.

दुसऱ्या दिवशी कुसाबाई मला काखेत मारून ज्योत्स्नाबरोबर चौकीत गेली. "साहेब, हे पोचे बघा. हे पोरीच्या डोक्यात बसणार होते." तक्रार लिहून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

आता ज्योत्स्ना मला घेऊन पिंपळगाव बसवंतला बहिणीजवळ राहते, द्राक्षे पॅक करायला जाते. संध्याकाळी माझ्यात पीठ मळते. दाराकडे दचकून बघत नाही.

मित्रांनो, भांडी जपा, असे सांगायला मला आवडले असते. पण माझे मागणे वेगळे आहे. शेजारून कुणाचे रडणे आले, तर दार उघडून तिच्याकडे जा. परात वाजायची वाट बघू नका.