आधीची क्रिया कोणी रद्द केली

ताडपत्रीखाली केसरबाईंच्या सोयाबीनची गंजी.

मळणी यंत्रावर बसून फुटाणे खाणारा, ते चालवणारा गोविंदा.

जमिनीचा गट नंबर १४७.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ, तिचा अर्थ: तुम्ही आधीची क्रिया रद्द केली.

मोताळ्याजवळच्या शेतकरी गटाकडे मळणी यंत्र एकच, आणि कोणाचा नंबर कधी हे गटाच्या नोंदी ठेवणाऱ्या महामायाच्या कॉम्प्युटरमध्ये. आज नंबरांचा फॉर्मच उघडेना.

"काय रद्द केलं व तू?" गटाचे अध्यक्ष हिंमतराव.

"मी कायले करू काका? आत्ता तं बसली."

"मंग मशीन खोटं बोलते?"

दारात केसरबाई. "माहा नंबर आजच आहे म्हणे. आभाळ पाह्य जरा, पोरी."

बाहेरून गोविंदा: "अकरापर्यंत सांगा, नाही तं देऊळघाटले चाललो!"

महामायानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

तुम्ही आधीची क्रिया रद्द केली.

मग तिनं मागच्या आठवड्याची प्रत उघडली. उघडली! तिच्यात या आठवड्याचे नंबर नव्हते, पण फॉर्म धड होता. तिनं जुना-नवा तक्ता शेजारी लावला. गट नंबराचा रकाना जुन्यात आकड्यांचा, नव्यात अक्षरांचा. फॉर्म उघडताना आकडा शोधायचा, समोर अक्षरं यायची, की तो गांगरायचा आणि खापर समोर बसलेल्यावर फोडायचा.

"काका, काल इथं कोण बसलं होतं?"

हिंमतराव पंख्याकडे पाहू लागले. "मीच. १४७ म्हणजे कोणाचं, कोणाले समजते? म्हणून केसरबाईचं 'चिंचेचं वावर' लेहलं. घेतच नव्हतं ते. मंग रकानाच बदलला."

"मोबाईलवर पाहून?"

"हाव."

केसरबाईंना हसू आवरेना. "मले तरी इचारा ना, भाऊ! चिंच जाऊन धा वर्सं झाली. बिब्याचं वावर म्हणतेत त्याले आता."

महामायानं १४७ पुन्हा भरलं, रकाना आकड्यांचा केला आणि शेजारी एक नवा जोडला: वावराचं नाव.

फॉर्म उघडला. पहिलीच ओळ: केसरबाई, १४७, बिब्याचं वावर.

"गोविंदा, काढ रे मशीन!" हिंमतराव खिडकीतून असे ओरडले, जणू त्यांनीच सगळं नीट केलं. महामायानं हसून पाण्याची बाटली उघडली. केसरबाई गोविंदाच्या शेजारी चढून बसल्याही.

महामायानं हा फॉर्म बनवला तेव्हा गटातल्या एकोणीस जणांपैकी एकालाही आपल्या जमिनीचा गट नंबर पाठ नव्हता, तिच्या वडिलांनाही नाही; वावराचं नाव मात्र ज्याला त्याला ठाऊक होतं.