मुखरूभाऊंना वाचायला काही नव्हतं

बाळांनो, जरा डोळे मिटा. दिवाळी होऊन गेली आहे, धानाची कापणी चालू आहे, आणि पोंभुर्ण्यात एका मोकळ्या मैदानावर भरदुपारी नाटकाची तालीम रंगली आहे. स्टेजसमोर कमरेएवढा खड्डा. त्यात वही घेऊन मुखरूभाऊ बसलेत. ते प्रॉम्प्टर. आपल्या झाडीपट्टीत नट चार तालमींवर उभे राहतात. मुखरूभाऊ खालून वाक्य सोडतात, तेव्हा वरचा राजा बोलतो. दिसलं? आता शेजारच्या खुर्चीवरचे गुणवंतराव पाहा.

गुणवंतराव याच गावचे. विशीत त्यांनी इथल्या मंडळासाठी नाटकं लिहिली, मग मुंबईला गेले. तिथं पंचवीस वर्षं मालिका लिहिल्या, सहा सिनेमे लिहिले. यंदा पुन्हा नाटक लिहिलं, तेही एका प्रवेशासाठी. तेलंगणात कामाला गेलेला बाप मुलीला फोनवर सांगतो, मी आता परत येत नाही. त्यांच्या स्वतःच्या बापानंही असंच केलं होतं. तेव्हा फोन नव्हता, चिठ्ठी आली होती.

मुलीचं काम मुखरूभाऊंची नात दिव्यानी करत होती. तिनं फोन ठेवला आणि खड्ड्याकडे पाहिलं. खड्डा गप्प.

"आबाजी, सांगा ना."

"काय सांगू? इथी लिवलं हाय, तिचे डोळे भरून येतात. डोळे वाचून दाखवू काय?"

नट हसले. गुणवंतराव म्हणाले, "मुखरूभाऊ, तिथं शांतताच हवी."

"भाऊ, तुमच्या टीव्हीत डोळा दाराएवढा दिसते. इथी शेवटचा माणूस पार त्या बांधापाशी बसते. त्याले पोरगी दिसली तरी बहुत झालं. आज लिवा, नाईतर हा सीन काटतो."

गुणवंतरावांना आई आठवली. त्यांच्या नाटकांना ती नेहमी सगळ्यांच्या मागे बसायची, चादर गुंडाळून. सकाळी चुलीपाशी सांगायची, "ते भावाभावाचं बोलणं आमच्यापर्यंत नाई आलं रे." मग ते वही काढून तेवढ्या ओळी नव्यानं लिहायचे. मुंबईत सगळे किती लोकांनी पाहिलं त्याचे आकडे दाखवायचे. कुठं पोचलं नाही, हे कुणी सांगितलं नाही.

त्यांनी मुलीसाठी मोठं भाषण लिहिलं. दिव्यानीनं वाचलं नि मान हलवली.

"काका, माय तर बाजूलेच उभी हाय. तिनं फोन ऐकलाच असन. मग मी हे सांगू कोणाले?"

गुणवंतरावांनी स्टेजवरच्या दोघींच्या जागा पाहिल्या. दोन चेहरे एका चौकटीत बसवायची मुंबईची सवय. म्हणून त्यांनी माय-लेकींना चिकटवून उभं केलं होतं. त्यांनी भाषण फाडलं. आईचं काम करणाऱ्या देवकाबाईंना विळा देऊन मैदानापलीकडे, बांधावर पाठवलं. वहीत आईची एकच ओळ लिहिली.

"अन् पुढं?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"नाही सुचत. चिठ्ठी मीच वाचली होती, भाऊ. आईला सांगायला मला आठ दिवस लागले."

बांधावरून देवकाबाईंनी हाक दिली, "कोणाचा फोन होता वो?"

मुखरूभाऊंनी पान उलटलं. कोरं होतं. त्यांनी वही मिटली.

दिव्यानीनं या वेळी खड्ड्याकडे पाहिलंच नाही. ती स्टेजच्या काठाशी आली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि दूरच्या बांधाकडे ओरडली, "बाबाचा होता, माय. धान कापलं काय म्हणे. पुढच्या महिन्यात येऊन राह्यले म्हणे."

मग देवकाबाई पुन्हा वाकून कापायला लागेपर्यंत ती हात तसेच तोंडाशी धरून उभी राहिली.