पॉवर सप्लाय वरच बसणार

सासऱ्यांच्या दुकानात एकच कायदा होता: पॉवर सप्लाय वर. संगणकाची पेटी कुठलीही असो, विजेचा तो जड डबा वरच्या कोपऱ्यातच बसणार. नव्या कॅबिनेटमध्ये त्याची जागा खाली असते, हे सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगणाऱ्याला ते पायरीपर्यंत पोचवून यायचे. फार पूर्वी कधीतरी फरशी धुताना पाणी एका पेटीत शिरलं होतं, तेव्हापासून त्यांनी त्या खालच्या जागेचं नावच टाकलं होतं. मग नव्या कॅबिनेटचं करायचं काय? तर सरळ उलटं करायचं. तळाचे रबरी पाय काढून छपराला लावायचे आणि पेटी डोक्यावर उभी करायची. कंपनीचं नाव उलटं दिसे, चालू करायचं बटण जमिनीला टेके आणि गिऱ्हाईक बिचारं कंबर धरून वाकायचं. सासऱ्यांपुढे बोलायची टाप होती कुणाची!

छपराला पाय लावायचं काम जावयाचं. शिकलेला, हातात कसब असलेला गडी, पण घरजावई. खाली दुकान, वर घर, मधे एक जिना. जेवताना सासरे दिवसभराच्या चुका काढायचे आणि दिवे मालवल्यावर भिंतीपलीकडून राहिलेल्या काढायचे. बायकोशी दोन शब्द मोकळे बोलायचे तर आधी नळ सोडावा लागे. आता तुम्हीच सांगा, माणसाचा जीव घुसमटणार नाही तर काय होईल?

त्यातच दुसऱ्या शहरातल्या मित्राने नोकरी देऊ केली. राहायला दोन खोल्याही बघून ठेवल्या. शनिवारपर्यंत काय ते कळव, नाहीतर मी दुसरा माणूस घेतो, असं त्याने स्पष्ट सांगितलं. जावयाला नोकरीचं फारसं कौतुक नव्हतं, खोल्यांचं होतं. दार लावून घेतलं की आत आपण दोघंच, एवढंच त्याला हवं होतं.

बायकोला त्याने हे सांगितलं, पण अर्धंच. तुझ्या आईवडिलांच्या घरात मला श्वास घेता येत नाही, हे तिच्या तोंडावर कसं म्हणणार? म्हणून तो म्हणाला की दुकानात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही, तेव्हा जाऊ या. बायको एकुलती एक. ती म्हणाली, बाबांनी आपणहून जा म्हटलं तर मी एका पायावर तयार आहे, पण तू त्यांना सोडून जातो म्हणायचं नाहीस, त्यांना ते सोसणार नाही.

म्हणजे आता सासऱ्यांनीच हाकलायला हवं होतं. आणि हाकलण्यात तर त्यांचा हातखंडा होता. आधीच्या कारागिराने एकदाच पॉवर सप्लाय खाली ठेवायची हिंमत केली, तर त्याला हातातलं काम टाकून चालतं व्हावं लागलं होतं. जावयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पलीकडच्या गल्लीत इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एक बाई होत्या. दुकानातून नेलेली त्यांची उलटी पेटी काम ऐन रंगात आलं की तापायची आणि बंद पडायची. सासऱ्यांचं म्हणणं, बाई फार वापरतात. घ्या! संगणक काय पुसून कपाटात ठेवायला घेतला होता? पेटी पुन्हा दुरुस्तीला आली त्या दिवशी सासरे माल आणायला बाहेरगावी गेले होते. जावयाने पाय काढून मूळच्या जागी लावले आणि पेटी सुलटी केली. पॉवर सप्लाय आपल्या जागी, खाली गेला. त्याच्या पंख्याचं तोंड जमिनीकडे आलं, म्हणजे तो खालच्या जाळीतून गार हवा ओढणार. इतके दिवस बाईंच्या टेबलाखालच्या सतरंजीत रुतून बंद झालेली छपराची जाळी उघडी पडली आणि आतल्या गरम हवेला वाट मिळाली. पेटी बाईंकडे पोचवायला तो स्वतः गेला, सतरंजी सरकवली आणि पेटीखाली फळी घातली. काम चोख झालं होतं. पण त्याला काम चोख झाल्याचा आनंद नव्हताच, तो सासऱ्यांच्या आरडाओरड्याची वाट बघत होता.

शुक्रवारी सासरे परतले. जावयाने त्यांना टेकूही दिलं नाही.

"नकाशेवाल्या बाईंचा पॉवर सप्लाय मी खाली बसवलाय," तो म्हणाला. "तुम्हाला विचारलं नाही."

सासरे लालबुंद झाले. तोंड उघडलं, एवढ्यात बायको जिना उतरून आली, वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटली, आणि सासरे तशाच चपला सरकवून ताडताड बाईंकडे निघाले. जावई स्टुलावर बसून राहिला. आता येतील आणि गचांडी धरतील, या विचाराने त्याला गुदगुल्या होत होत्या.

सासरे आले ते मात्र हळूहळू चालत. विजारीच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. बाई काम करत असताना ते टेबलाखाली गुडघे टेकून बसले होते, पेटीच्या मागे हात धरून. हवा नुसती कोमट येत होती, आणि पेटी काही केल्या बंद पडली नव्हती.

"जावईबापू," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना उलट्या पेट्या विकल्या. आणि जो बोलला त्याला हाकललं, हात लावून कधी बघितलं नाही."

जावई स्टुलावरून उठला.

"मला तुमच्यासारखाच माणूस हवा होता. राहिले ते सगळे होयबा निघाले. आजपासून दुकान तुमचं. तुम्ही सांगाल तसं होईल, मी वर नुसता बसून राहीन. आता मला कसली काळजी नाही."

असं म्हणून त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. जावयाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला एकदम रडूच फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने फुटलं.

मंडळी वर गेल्यावर बायको त्याच्याजवळ आली. चेहरा नुसता फुलला होता तिचा.

"मीच बाबांना म्हटलं, आधी हात लावून बघा, मग काय बोलायचं ते बोला," ती म्हणाली. "तुझ्या शब्दाला किंमत नाही म्हणूनच जायचं होतं ना तुला? आता तर तुझाच शब्द चालणार. तुझ्या मित्रालाही मी आत्ताच फोन केला. म्हटलं, वाट बघू नका, आम्ही काही येत नाही."

खरं कारण त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. ती इतक्या कौतुकाने त्याच्याकडे बघत होती की त्याने ते गिळून टाकलं.

"बरं केलंस," तो म्हणाला.