मृदंगावरची कणीक

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जेवणाची सुट्टी झाली की शेजारच्या शेडमधला प्रेस थांबतो. सकाळपासून धाडधाड पत्रा कापणारं ते धूड गप्प झालं की प्रफुल्लच्या ऑफिसच्या काचाही थरथरायच्या थांबतात. गेले काही दिवस नेमका त्या शांततेत त्याला एक आवाज येत होता. धुम. मृदंगाच्या डाव्या पुडीवरची भरदार थाप. एकच यायची. पुढची आत्ता येईल म्हणून प्रफुल्ल घास हातात धरून बसायचा आणि ती यायची नाही.

परक्याचा हात असता तर तो भ्यालाही असता. पण ही थाप त्याच्या ओळखीची होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो सावळीरामदादांच्या बाजूला टाळ घेऊन उभा राहिलेला. दिंडोरी तालुक्यात कीर्तन कुठल्याही गावात असो, बुवा कोणीही असोत, मृदंग दादांचाच. त्यांनी धुम काढला की पेंगणारी म्हातारी माणसंही ताठ व्हायची आणि वाटायचं, पांडुरंग आत्ता उठून आपल्याच ओळीत येऊन बसला.

दादा मॉरिशसच्या मराठी मंडळींकडे सप्ताहाला गेले होते. शेवटच्या दिवशी कीर्तन रंगात आलं, बुवांनी शेवटचा गजर उचलला, दादांनी डावा हात वर नेला आणि ते तसेच कलंडले. ती थाप पडलीच नाही. दादांच्या पत्नी लंकावहिनी गावी होत्या, त्यांच्या संमतीनं तिथंच अग्नी दिला गेला. अस्थी बुवांनी आणल्या. मृदंग मागून विमानाच्या मालातून येणार होता.

तो सोडवायचं काम प्रफुल्लकडे आलं, कारण त्याची नोकरीच ती. परदेशातून येणारा माल उतरायच्या आधी त्याची सगळी माहिती कस्टम्सच्या संगणकात भरायची: काय आहे, कशाचं बनलंय, आत आणखी काय आहे. खरं आणि वेळेत भरलं तर माल उतरल्या उतरल्या सुटतो. खोटं निघालं तर माल अडकतो आणि ऑफिसचं लायसन्सही.

तिथल्या लोकांनी फोटो पाठवले. कीर्तनाआधी डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानंच तो घुमारा येतो. कीर्तन संपलं की कणीक खरवडून गाईला घालायची. दादा हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. तिथं मंडळींना वाटलं, दादांच्या मृदंगाला आपण कसा हात लावायचा? त्यांनी तो कणकेसकट धोतरात गुंडाळून मायेनं खोक्यात ठेवला. फोटोत कणीक वाळून तडकली होती, आणि तिच्यात चार बोटांचा आणि तळहाताचा ठसा स्पष्ट उमटलेला.

प्रफुल्लनं तो फोटो वहिनींना दाखवला. तिथंच चुकलं.

वहिनी मोबाइल छातीशी धरून बसल्या. "भाऊ, एवढं तसंच घरी येऊ दे. अस्थींमदी मला काय ओळखू आलं नाय. ह्यो हात ओळखू येतो."

"येईल, वहिनी," प्रफुल्ल बोलून गेला.

आता स्क्रीनवर प्रश्न होता: मालात धान्य, पीठ किंवा वनस्पतीचा अंश आहे काय? मुंबईच्या विमानतळावर माल सोडवणाऱ्या मुस्तकीमला त्यानं फोन लावला.

"पीठ लिहिलं तर काय होईल रे?"

"होणार काय, साहेब लोक खोकं उघडणार, पीठ खरवडून जाळायला देणार. परदेशातली कीड येते ना भाई त्यातून."

"आणि नाही लिहिलं तर?"

मुस्तकीम हसला. "कपाळाला गंध लावून मला विचारतोस? माझ्या तोंडून खोटं वदवून घेतोस आणि पुण्य तुझ्या खात्यात."

प्रफुल्लनं फोन ठेवला आणि 'नाही' भरलं. शेजारी प्रेस धाडधाड चालू होता. त्या सगळ्या गोंगाटाच्या पोटातून, अगदी त्याच्या डाव्या खांद्यापाशी, आवाज आला. धुम. टेबलावरच्या चहात वर्तुळं उठली.

त्यानं 'नाही' पुसलं, गाडी काढली आणि दिंडोरी गाठली.

वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. वहिनींनी सुपातले गहू मुठीत घेतले. मग म्हणाल्या, "मी बी एक सांगते. हसू नको. सवयीनं रोज कणीक मळली की त्यांच्या मृदंगापुरता गोळा काढून, ते मृदंग टांगायचे त्या खुंटीखाली ठेवते. आदी तो वाळून जायचा. मृदंग खोक्यात भरला म्हणून तुझा फोन आला, त्या दिसापासनं गोळा जागेवर राहत नाय. दार लावून बघितलं, मांजर कोंडून बघितलं."

प्रफुल्लनं आत जाऊन वाकून पाहिलं. खुंटीखालची फरशी पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"त्यांनी कधी एक मात्रा खोटी वाजवली नाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्या मृदंगापायी तू खोटं लिहू नको. हाय ते लिही."

"ठसा जाईल, वहिनी."

"जाऊ दे." पण हातातले गहू त्यांना सुपात नीट टाकता आले नाहीत.

प्रफुल्लनं लिहिलं: जुना मृदंग, एक, लाकूड, चामडं, डाव्या पुडीवर वाळलेली कणीक. आणि पाठवून दिलं.

विमान उतरल्यावर मुस्तकीमचा फोन आला तेव्हा शेजारचा प्रेस नुकताच थांबला होता. त्याचा आवाज दबका होता.

"प्रफुल्लभाई, तू वाळलेली लिहिलंस ना? साहेब विचारतायत, माहिती चुकीची का भरली. कणीक ओली आहे. आत्ता मळल्यासारखी. खोक्याचं सील माझ्यासमोर तुटलं, भाई. हाताचा ठसा पण आहे, आणि तो... गरम लागतो."

प्रफुल्लनं मुस्तकीमला थांबायला सांगितलं. त्यानं दुसऱ्या फोनवरून वहिनींना लावलं आणि सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "गजर अर्धाच राहिलाय. म्हनून ओली ठेवलीय त्यांनी. त्या भाऊंना म्हनावं, खरवडायच्या आदी एक थाप मारा."

"ते वाजवणारे नाहीत, वहिनी. मुस्तकीम नाव त्यांचं."

"हात हाय ना त्यांना? त्या ठशावर ठेवा म्हनावं. बाकीचं हे बघतील."

मुस्तकीमनं विचारल्यावर साहेबांनी आधी नको म्हटलं, मग म्हणे पाठ फिरवली. दोन्ही फोन प्रफुल्लनं एकमेकांना लावून धरले.

थाप पडली. ती मुस्तकीमची नव्हती. पूर्ण, गोल, मंडप भरून टाकणारी. धुम. आणि प्रफुल्लच्या ओठांतून न ठरवता शब्द आले, "रामकृष्णहरी."

"भाई," मुस्तकीम म्हणाला, "वाळली. माझ्या हाताखाली वाळली आणि गळून पडली. ठसा नाही राहिला. साहेब म्हणतात, तू लिहिलंस ते बरोबर आहे."

वहिनींचा फोन चालूच होता. त्या जागेवरून उठल्याचा, खुंटीपाशी गेल्याचा आवाज आला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आजचा गोळा जागेवरच हाय."

मग त्यांनी विचारलं, "गाईला घालू ना आता?"

"घाला, वहिनी," प्रफुल्ल म्हणाला. शेजारी प्रेस सुरू झाला.